बारदानावरचे टाके

निवडणूक जवळ आली की आपल्याकडे शिलाई मशिनं वाटतात. महिला दिनाला वाटतात, पुढाऱ्याच्या वाढदिवसाला वाटतात, कुठल्याशा योजनेचा निधी मार्चअखेर संपवायचा असला तरी वाटतात. मांडव, हार, पाठीमागे फ्लेक्स आणि समोर रांगेने मांडलेली मशिनं. पक्ष कुठलाही असो, या वाटपाला कुणाचा विरोध नसतो. अशा एका कार्यक्रमात मला व्यासपीठावर बसायची पाळी आली होती. वाटणाऱ्यांच्या चेहऱ्यावरचा निर्धास्तपणा तेव्हा मी जवळून पाहिला. बाईला मशीन दिलं म्हणजे ती घरात बसेल, ब्लाउज शिवेल, फॉल-पिको करेल, चार पैसे मिळवेल आणि नाव घेईल. त्या सुईतून कुणाला टोचेल असं काही बाहेर पडेल, ही शंका तिथल्या एकाही माणसाच्या मनाला शिवत नव्हती.

चिलीच्या लष्करशहांच्या मनालाही ती शिवली नव्हती. तिथे खेडोपाडी आणि वस्त्यावस्त्यांत माता-केंद्रांचं जाळं आधीपासून होतं. लष्करी राजवटीत त्याची सूत्रं हुकूमशहाच्या पत्नीकडे, लुसिया इरिआर्त यांच्याकडे गेली आणि अधिकाऱ्यांच्या बायका गरीब बायकांना विणकाम-शिवणकाम शिकवू लागल्या. बाईने शिवावं, घर नेटकं ठेवावं, राजकारणात पडू नये. त्याच देशात, त्याच वर्षांत, तशाच गरीब बायका चर्चच्या खोल्यांत जमून पोत्यांवर चिंध्या शिवत होत्या. त्या चिंध्यांतून चिलीत काय चाललंय ते अर्ध्या जगाला कळलं. पुढच्या पानांवर त्या कापडांची चित्रं आहेत. ती बघण्याआधी थोडी पार्श्वभूमी सांगायला हवी, म्हणून ही प्रस्तावना. जरा लांबली आहे, पण या चित्रांकडे नुसतं 'किती गोड' म्हणून बघणं फार सोपं आहे, आणि तेच मला टाळायचं आहे.

चिली हा अँडीजच्या रांगा आणि पॅसिफिक महासागर यांच्या बेचक्यात अडकलेला चिंचोळा देश. 11 सप्टेंबर 1973 ला तिथल्या लष्कराने निवडून आलेलं समाजवादी सरकार उलथवलं. राजधानी सांतियागोतल्या 'ला मोनेदा' या अध्यक्षीय प्रासादावर विमानांनी बॉम्ब टाकले. अध्यक्ष साल्वादोर आयेंदे तिथेच मरण पावले. जनरल ऑगुस्तो पिनोचेत यांच्या हाती सत्ता आली. संसद बंद, पक्षांवर बंदी, कामगार संघटना मोडीत, रात्री संचारबंदी. राष्ट्रीय क्रीडासंकुलाचा तुरुंग झाला. 1974 मध्ये 'दिना' नावाची गुप्त पोलिस यंत्रणा रीतसर उभी राहिली आणि माणसं आणखी पद्धतशीरपणे उचलली जाऊ लागली.

उचलली जाऊ लागली, म्हणजे परत आली नाहीत. अशा माणसासाठी तिथे दोन शब्दांची एक संज्ञा रूढ झाली: 'देतेनिदो देसापारेसिदो', अटक झालेला आणि नाहीसा झालेला. सगळं भांडण या दोन शब्दांमध्ये होतं. सरकार म्हणायचं, आम्ही अटक केलीच नाही. तुमचा नवरा दुसऱ्या बाईबरोबर पळाला असेल, मुलगा सरहद्द ओलांडून गेला असेल. घरच्यांचं म्हणणं, आमच्या डोळ्यांदेखत नेला. पहिला शब्द गेला की दुसरा निव्वळ बेपत्ता माणसाची जाहिरात होऊन उरतो. म्हणून त्या बायकांनी पहिला शब्द कधी सोडला नाही.

या बायका मुलाचा किंवा नवऱ्याचा फोटो घेऊन तुरुंगांच्या दारांत, इस्पितळांत, शवागारात हिंडत होत्या. तिथेच त्यांच्या एकमेकींशी ओळखी झाल्या. दुसऱ्या बाजूला, शहराच्या कडेच्या वस्त्यांत निराळंच संकट होतं. 1975 मध्ये सरकारने अर्थव्यवस्थेला 'झटका' द्यायचं ठरवलं, खर्चाला कात्री लावली, कारखाने पटापट बंद पडले. संघटनेत होता म्हणून कामावरून काढलेला नवरा, घरात चार मुलं, तोडलेली वीज. एकीच्या घरातला माणूस गेला होता, दुसरीच्या घरातली चूल. आणि कितीतरी जणींच्या घरातलं दोन्ही.

या दोन्ही प्रकारच्या बायकांना दार उघडं होतं ते चर्चचं. सत्तापालटानंतर महिन्याभरातच कॅथलिक, ल्यूथरन आणि इतर धर्मगुरूंनी एकत्र येऊन एक शांतता समिती काढली होती. पिनोचेत यांनी दबाव आणून 1975 अखेर ती बंद करायला लावली. तेव्हा कार्डिनल राउल सिल्वा एन्रिकेस यांनी जानेवारी 1976 पासून थेट आपल्या अधिकारात एक कचेरी उघडली, 'विकारीआ दे ला सोलिदारिदाद'. ती होती सांतियागोच्या मुख्य चौकात, कॅथेड्रलच्या अगदी लगत. सरकारला ती बंद करायची तर चर्चशी उघड भांडावं लागलं असतं, आणि पिनोचेत तर स्वतःला ख्रिस्ती संस्कृतीचे रक्षक म्हणवत होते. या अडचणीच्या फटीत वकील बसले, डॉक्टर बसले आणि शिवणाऱ्या बायकाही बसल्या.

शिवणाचे पहिले गट 1974 मध्ये, समितीच्याच काळात सुरू झाले. वालेन्तिना बोन नावाची एक चित्रकार तिथे काम करत होती. बायकांना हाताला काम हवं होतं आणि भांडवल शून्य होतं. पिठाची आणि साखरेची रिकामी पोती होती, जुने कपडे होते, सुया होत्या. रोज जे बघता ते कापडाच्या तुकड्यांनी पोत्यावर मांडा, इतकीच मूळ कल्पना. बारदानाला स्पॅनिशमध्ये 'आर्पियेरा' म्हणतात. त्यावरून या चित्रांचंही नाव आर्पियेरा पडलं आणि शिवणाऱ्या झाल्या आर्पियेरिस्ता.

आता एक आर्पियेरा जवळून बघू. वारंवार आढळणारा नमुनाच घेते. आकार साधारण उशीच्या अभ्र्याएवढा. वरच्या कडेला अँडीजची रांग, कधी निळ्या कापडाची, कधी चौकटीच्या शर्टाची. डोंगरामागून पिवळाधमक सूर्य. खाली छोटी घरं, एकाचं दार फुलाफुलांच्या सुती कापडाचं, एकाचं कोटाच्या अस्तराचं. मधोमध एक मोठं काळं भांडं आणि त्याभोवती बोटभर उंचीच्या बाहुल्या. या बाहुल्या सपाट नसतात. डोकं म्हणजे कापूस भरलेली गोळी, केस लोकरीचे, हात कापडापासून सुटे. एकीच्या हातात काडेपेटीच्या काडीचा झाडू, दुसरीच्या कडेवर मूल, एप्रनला खसखशीएवढा खिसा. भांड्याखाली लाल-नारिंगी चिंध्यांचा जाळ. हे आहे 'ओया कोमून', वस्तीचं सामायिक भांडं. प्रत्येकीने घरात असेल ते आणायचं, एकत्र शिजवायचं, आधी मुलांना वाढायचं. चित्राच्या कोपऱ्यात कारखाना असतो, धुराडं असतं, धूर नसतो. दारावर दोन आडव्या-तिरप्या टाक्यांची फुली. चारी कडांना लोकरीची क्रोशाची किनार.

आणि पाठीमागे कापडाचा एक छोटा खिसा. त्यात घडी घातलेला कागद.

माझी आई शिवणक्लास घ्यायची. कुणी रुमाल भरून आणला की ती आधी उलटा करून बघायची. सुलट बाजू सगळ्याच जणी नीट करतात, म्हणायची, गाठी कुठे मारल्यात ते पाठ सांगते. आर्पियेराची पाठही तशीच बघावी लागते. पुढच्या बाजूला शिवणारीचं नाव बहुधा नसतं, ते धोक्याचं होतं. मागच्या खिशातल्या चिठ्ठीत मात्र दोन-चार ओळी असत: हे आमचं सामायिक भांडं, इथे रोज इतकी मुलं जेवतात, हा नळ सगळ्या वस्तीत एकच आहे, हा माझा मुलगा, त्याला अमुक तारखेला नेलं. अक्षर कच्चं, शुद्धलेखन त्याहून कच्चं. कापड विकत घेणारी कॅनडातली किंवा जर्मनीतली बाई घरी जाऊन खिशात बोट घालायची आणि तिच्या हाती एक साक्ष लागायची.

या कलेचं मूळ सांगताना विओलेता पार्रा यांचं नाव घेतल्याशिवाय पुढे जाता येत नाही. चिलीची लोकगीतं गावोगाव हिंडून गोळा करणारी, स्वतः गाणी रचणारी ही बाई शिवणकाम करणाऱ्या आईची मुलगी. कावीळ होऊन बरेच दिवस अंथरुणावर पडावं लागलं तेव्हा तिने पोत्याच्या कापडावर लोकरीने भरतकाम करायला घेतलं. 1964 मध्ये तिची ही मोठाली भरतकामं पॅरिसला, लूव्ह्रच्या इमारतीतल्या सजावटी कलांच्या संग्रहालयात लागली. 1967 मध्ये ती गेली. म्हणजे 'आर्पियेरा' हा शब्द चिलीच्या लोकांना ओळखीचा होता, त्याला एक मान होता. त्याच सुमारास किनाऱ्यावरच्या इस्ला नेग्रा गावातल्या कोळ्यांच्या बायकाही लोकरीने रंगीत दृश्यं भरत होत्या. 1972 मध्ये सांतियागोत संयुक्त राष्ट्रांची व्यापारविषयक परिषद भरली. त्या इमारतीसाठी त्यांनी मिळून एक भिंतभर कापड भरलं. सत्तापालटानंतर ते गायब झालं. ते सापडलं 2019 मध्ये! पिनोचेतच्या काळात कापडंसुद्धा नाहीशी होत होती आणि त्यांचाही कुणी जबाब देत नव्हतं.

पण विओलेताचं काम आणि वस्तीतल्या बायकांचं काम यात एक फरक आहे. विओलेता भरतकाम करायची. भरतकामाला लोकर लागते, वेळ लागतो, हात तयार लागतो. वस्तीतल्या बायका ठिगळं जोडत होत्या. आपल्या गोधडीशी त्यांचं नातं अधिक जवळचं. जुनेर घ्यायचं, कापायचं, धावदोरा घालत जायचं. शिवण न येणारी बाईसुद्धा आठवड्याभरात शिकते. ज्या कामात कुणी नापास होत नाही ते काम निवडलं, यात मोठं शहाणपण होतं.

जुनेर म्हटलं, तिथे थांबायला हवं. सुरुवातीच्या काळात, जिच्या घरातला माणूस नेला होता तिच्याकडे कापड म्हणून काय होतं? त्याचे कपडे. आर्पियेरांवर लिहिणाऱ्या मार्जोरी आगोसिन यांनी या बायकांना भेटून जे टिपलं आहे त्यात हे येतं: हरवलेल्या माणसाच्या शर्टाचे, पँटचे तुकडे बाहुल्यांच्या अंगावर चढत होते. काहींनी बाहुलीला स्वतःचे केस लावले. वाचताना मला आपल्याकडचं आठवलं. आपल्यात माणूस गेला की त्याचे कपडे कुणाला तरी देऊन टाकतात, एखादं धोतर किंवा लुगडं गोधडीत जातं. पण ते दिवसकार्य झाल्यावर. दहावा, तेरावा होतो, मग कपाट उघडतात. इथे दहावा कुणाचा करायचा? शर्ट धुऊन, घडी घालून ठेवला तर तो येणार आहे असं धरून चालावं लागतं. त्याला कात्री लावली तर? मला वाटतं, त्या कात्रीचा आवाज त्या खोलीत फार मोठा आला असेल. आणि तरीही, तो शर्ट कापून त्याच माणसाची बाहुली करणं हे त्याला मेला म्हणणं नव्हतं. दुसऱ्याने दडवलेल्या माणसाला त्याच्याच कपड्यात पुन्हा सगळ्यांपुढे उभं करणं होतं.

इथवर वाचून कुणाला वाटेल, निषेध म्हणून बायका शिवायला बसल्या. तसं झालं नाही, आणि या पुस्तकाच्या वाचकाने हे मनाशी पक्कं ठेवावं असा माझा आग्रह आहे. बहुतेक जणी शिवायला बसल्या त्या पैशासाठी. गट साधारण वीसेक जणींचे. आठवड्याला बैठक. विकारीआ माल घ्यायची, रोख पैसे द्यायची, आणि परदेशातल्या चर्चसंस्था, चिलीतून परागंदा झालेली माणसं, एकजुटीच्या समित्या यांच्यामार्फत विकायची. मिळालेल्या पैशातला थोडा भाग गटाच्या सामायिक पेटीत पडायचा, कुणाच्या आजारपणासाठी, कुणाच्या तिकिटासाठी. माल तपासला जायचा. टाका उसवला असेल, बाहुलीची मान लोंबत असेल, तर कापड परत. आणि चित्रात फारच उघड काही असेल, ज्याने सगळीच खेप पकडली जाईल, तर तेही परत. म्हणजे धाडसाच्या कामातही जपून राहण्याची एक काटेकोर शिस्त होती.

त्या आठवड्याच्या बैठकीत काय व्हायचं ते महत्त्वाचं. सुई चालू असताना तोंड मोकळं असतं, हे आपल्याकडच्या कुठल्याही ओसरीला माहीत आहे. पुढचं कापड कशाचं करायचं, असा विषय निघायचा. पाणी तोडलं त्याचं करू. कुणी सांगायची, आमच्या गल्लीत रात्री ट्रक आला होता. कुणाला कळायचं की आपल्या मुलावर जे आलं ते शेजारच्या वस्तीतही आलं. ज्यांना घराबाहेर काम करायची सवय नव्हती त्या हिशेब लिहायला, वकिलाला प्रश्न विचारायला शिकल्या. घरचे पुरुष आधी कुरकुरले. रिकाम्या बसलेल्या माणसाला बायकोची कमाई टोचतेच. मग त्यातले काही मुकाट्याने कापड कातरून द्यायला लागले. पोटासाठी सुरू झालेलं काम राजकारण कधी झालं, त्याची तारीख काढता येत नाही. त्या बायकांच्या आयुष्यात पोट आणि राजकारण अशी दोन खाती नव्हतीच. भाकरीचा भाव आणि गायब झालेला नवरा एकाच सरकारची करणी होती, आणि ती एकाच कापडावर शिवली जात होती.

हे जे चाललंय ते नुसतं शिवणकाम नाही, हे कुणाच्या तरी ध्यानात यायचंच होतं. 1977 च्या जानेवारीत सांतियागोतल्या पाउलिना वॉ यांच्या कलादालनावर आगीचे बॉम्ब टाकून ते जाळण्यात आलं. तिथे आर्पियेरा मांडल्या होत्या. पुढे कस्टमने काही गठ्ठे पकडले, सरकारधार्जिण्या वृत्तपत्रांनी देशाची बदनामी म्हणून आरडाओरडा केला. चिंध्यांच्या बाहुल्यांना घाबरलेलं सरकार, हा प्रकार त्या बायकांना हसवणारा वाटला असता, भीती इतकी खरी नसती तर. वस्तीत झडती आली की कापडं कपड्यांखाली, गादीखाली जायची. तरीही बराच काळ ही गाठोडी सुटत राहिली, कारण उघडून बघणाऱ्याला दिसायचं काय? सूर्य, डोंगर, घरं, बाहुल्या. बायकांचा टाइमपास.

घडत्या इतिहासाची नोंद या कापडांनी कशी घेतली ते तीन प्रसंगांवरून सांगते. 1978 च्या अखेरीला सांतियागोजवळच्या लोन्केन इथल्या चुन्याच्या जुन्या भट्टीत पंधरा माणसांचे सांगाडे सापडले. 1973 च्या ऑक्टोबरमध्ये पोलिसांनी नेलेले गावकरी. नाहीशी झालेली माणसं कुठे आहेत याचं हे पहिलं ठोस उत्तर. लोक फुलं घेऊन तिथे जाऊ लागले. 1980 मध्ये त्या भट्ट्या सुरुंग लावून उडवण्यात आल्या. पण तोवर त्या दगडी कमानी कितीतरी आर्पियेरांवर शिवून झाल्या होत्या. 1979 मध्ये नातेवाइकांनी बंद पडलेल्या संसदेच्या कुंपणाच्या गजांना स्वतःला साखळदंडांनी बांधून घेतलं. कापडावर ते गज शिवलेत, आणि साखळी बऱ्याचदा आपण शाळेत शिकतो त्या साखळी टाक्याने! त्या टाक्याचा इतका चपखल उपयोग माझ्या आईच्या क्लासात कधी झाला नाही.

तिसरा प्रसंग नाचाचा. 'क्वेका' हा चिलीचा जोडीने करायचा नाच. बाई आणि पुरुष हातात रुमाल घेऊन एकमेकांभोवती फिरतात, पुरुष मागे लागतो, बाई हुलकावणी देते. 8 मार्च 1978 ला, महिला दिनी, सांतियागोच्या काउपोलिकान नाट्यगृहात नाहीशा झालेल्यांच्या घरच्या बायका मंचावर आल्या. काळा घागरा, पांढरा ब्लाउज, छातीवर त्या माणसाचा फोटो. एकेक जण नाचली, एकटीच. जोडीदाराची जागा रिकामी. पुढच्या वर्षी, सप्टेंबर 1979 मध्ये, लष्करी सरकारने क्वेकाला राष्ट्रीय नृत्य म्हणून जाहीर केलं. सरकारने राष्ट्राच्या नावावर केलेल्या नाचातला पुरुष कुठे गेला, हे त्या बायकांनी आधीच विचारून ठेवलं होतं. एकटीने नाचणारी ती बाहुली आर्पियेरांमध्ये मग पुन्हा पुन्हा येते.

आता एक अवघड गोष्ट, जी या विषयावरच्या भारावलेल्या लेखनात सहसा गाळली जाते. माल विकायचा तर गिऱ्हाईक बघावं लागतं. परदेशातल्या घरात भिंतीवर लावायला कुणाला छळाचं दृश्य हवं असतं? ऐंशीच्या दशकात गट वाढले, मागणीची चिंता वाढली, आणि चित्रं हळूहळू निवळत गेली. कापणी, जत्रा, मुलांचे खेळ. जॅकलिन अ‍ॅडम्स या समाजशास्त्रज्ञ बाईंनी हा बदल नीट नोंदवला आहे. आधीच्या आर्पियेरांतली धार पुढे बोथट झाली, ती सरकारच्या धाकाइतकीच खरेदीदाराच्या पसंतीनेही. मला यात त्या बायकांचा दोष दिसत नाही. ज्या पोटासाठी त्या बसल्या होत्या ते पोट अजून होतंच. पण सूर्याबद्दल मात्र थोडं सावध राहावं. डोंगरामागचा सूर्य म्हणजे आशा, असं समीक्षक ठोकून देतात. असेलही. सांतियागोत सूर्य पूर्वेला अँडीजमागूनच उगवतो हेही खरं, आणि उजळ रंगाचं कापड लवकर खपतं हेही.

अशा सुईकामाची उदाहरणं इतरत्र पुष्कळ आहेत. 1912 मध्ये मताधिकारासाठी लंडनमध्ये दुकानांच्या काचा फोडणाऱ्या बायकांनी होलोवे तुरुंगात एका रुमालावर साठाहून अधिक सह्या भरल्या होत्या. अर्जेंटिनात 1977 पासून प्लाझा दे मायो या चौकात फेऱ्या घालणाऱ्या, नाहीशा झालेल्या मुलांच्या आयांनी डोक्याला पांढरे रुमाल बांधले. सुरुवातीला ते मुलांचे तान्हेपणीचे लंगोट होते. आपल्याकडचा चरखा तर जगजाहीर आहे, फक्त खादीतला निषेध सुतात होता, चित्रात नव्हता, आणि कातायला सांगणारा एक नेता होता. आर्पियेरिस्तांना असा कुणी एक नेता नव्हता. 2003 पासून इंग्रजीत या सगळ्याला 'क्राफ्टिव्हिझम' असा एक शब्द मिळाला आणि 2017 च्या जानेवारीत वॉशिंग्टनमधल्या बायकांच्या मोर्चात गुलाबी विणीव टोप्यांचा पूर लोटला. त्या टोप्यांना मी हसत नाही. पण ऑफिसातून आल्यावर सोफ्यावर बसून विणलेली टोपी आणि उद्याच्या पिठासाठी शिवलेलं पोतं यांना एकाच शब्दाच्या गाठोड्यात बांधलं की माझा हात अडखळतो. सांतियागोतल्या बाईने त्या शब्दाकडे बघून विचारलं असतं, याचे पैसे किती मिळतात?

खरे वारस मला दुसरीकडे दिसतात. चिलीहून उत्तर आयर्लंडमध्ये जाऊन राहिलेल्या रोबेर्ता बासिच यांनी 2008 मध्ये डेरी शहरात आर्पियेरांचं प्रदर्शन मांडलं. तीस वर्षं बॉम्ब आणि बंदुकांच्या सावलीत काढलेलं ते शहर. तिथल्या बायकांनी बघितलं, बाहुल्यांना हात लावला, आणि आपल्या गल्लीतलं शिवायला बसल्या. ब्राझीलमधल्या धरणग्रस्तांच्या संघटनेतल्या बायकांनीही हीच रीत उचलली. पाण्याखाली गेलेलं गाव, तुटलेली शेजारणींची साथ, न मिळालेली भरपाई, सगळं पोत्यावर. 'धरणग्रस्त' हा शब्द मराठी वाचकाला समजावून सांगावा लागत नाही. मुळशीपासून नर्मदेपर्यंत आपण तो शिकलो आहोत. आपल्याकडच्या धरणग्रस्त बायकांनी ओव्या रचल्या, घोषणा दिल्या, पाण्यात उभ्या राहिल्या. गोधडी मात्र त्यांनी थंडीपुरतीच ठेवली, असं मला वाटतं. कुणाच्या ट्रंकेत वेगळं काही निघालं तर मला आनंदच होईल.

5 ऑक्टोबर 1988 ला चिलीत कौल घेतला गेला, पिनोचेत आणखी आठ वर्षं हवेत का? जवळजवळ 56 टक्के लोकांनी 'नाही' म्हटलं. मार्च 1990 मध्ये निवडून आलेलं सरकार आलं. 1992 मध्ये विकारीआ बंद झाली. तिच्या कागदपत्रांसह चिलीचा मानवी हक्कांचा दस्तऐवज 2003 मध्ये युनेस्कोच्या जागतिक स्मृतीच्या यादीत गेला. पिनोचेत यांना 1998 मध्ये लंडनमध्ये अटक झाली, ते सुटून परतले, आणि 2006 मध्ये 10 डिसेंबरला, नेमक्या मानवी हक्क दिनी, खटला पुरा न होताच वारले. सक्तीने नाहीशा केलेल्यांचा सरकारी आकडा 1,469 आहे. 2023 मध्ये, पन्नास वर्षांनी, सरकारने पहिल्यांदा स्वतःहून त्यांच्या शोधाची योजना हाती घेतली. तोवर ज्यांचे अवशेष ओळखता आले होते ते तीनशेच्या थोडे वर. बाकीच्यांच्या आया बहुतेक जणी आता नाहीत.

2010 मध्ये सांतियागोत स्मृती आणि मानवी हक्कांचं संग्रहालय उघडलं. तिथे आर्पियेरा जपून ठेवल्या आहेत. जगभरच्या संग्रहालयांतही पोचल्या आहेत. दिवे मंद, हवा कोरडी, हात लावायची मनाई, आणि कापडासाठी ते योग्यच आहे. भिंतीवर टांगलेल्या कापडाची पाठ मात्र भिंतीकडे असते. पुढच्या पानांवरची छायाचित्रंही पुढूनच काढलेली आहेत. माझ्या आईने ती उलटी करून बघितली असती, आणि मागचं पान कोरं बघून नाक मुरडलं असतं.